‘३१५’चा आग्रह आणि त्याचं खंडन

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बंदुकीच्या परवान्याचा विषय निघाला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: घ्यायचीच तर फॅक्टरीची ३१५ घ्या. इछापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणारी, बोल्ट मागे-पुढे सारून काडतूस चढवायची, पाच गोळ्यांची रायफल. सुटीच्या दिवशी तिच्यावर निशाणेबाजी शिकायची आणि कार्तिकात तिनेच धान राखायचं. हत्यार एक, कामं दोन. हे मत सावली-सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात ऐकू येतं, वरोरा-भद्रावतीकडे कापूस-सोयाबीनवाल्यांत ऐकू येतं, आणि ‘शेतकऱ्याला रायफलीचा परवाना द्या’ या मागणीच्या रूपाने सभेच्या व्यासपीठावरही चढतं. माझं म्हणणं असं की ही निवड दोन्ही कामांसाठी चुकीची आहे. नेमबाजीला ती रायफल अपुरी पडते आणि पिकाच्या राखणीला ती नको तितकी जास्त होते.

आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायला हवं, कारण ते हलकं नाही. रानडुक्कर हा जाड कातडीचा, दणकट हाडाचा प्राणी आहे. हलक्या गोळीने तो मरत नाही, जखमी होऊन झुडपात शिरतो आणि सकाळी तिथून जाणाऱ्या माणसावर उलटतो. म्हणून जड गोळी हवी, हे बरोबर आहे. गावठी भरमार, म्हणजे ठासणीच्या बंदुकीची नळी कधी फुटेल सांगता येत नाही. कारखान्यातून तपासून, शिक्का बसून आलेली नळी तशी फुटत नाही, हेही बरोबर आहे. बोल्ट-ॲक्शन ही यंत्ररचना साधी, मजबूत आणि दुरुस्तीला सोपी आहे. ३१५ हे बोअर ‘प्रतिबंधित’ गटात येत नाही, त्यामुळे त्याचा परवाना मिळू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं बाळगता येतात, तेव्हा एकाच रायफलीत दोन्ही कामं भागवण्याचा विचार व्यवहारीही वाटतो. या सगळ्याच्या मुळाशी खरी वेदना आहे. रात्रभर जागल करून पहाटे डोळा लागावा आणि तेवढ्यात कळपाने बांधी आडवी करून टाकावी, हे ज्याने सोसलंय त्याला बंदूक मागू नकोस म्हणण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कुणालाही नाही. माधव गाडगीळांसारख्या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९७२ च्या वन्यजीव कायद्यावर टीका करताना राष्ट्रीय उद्यानांबाहेर डुकरांच्या नियंत्रित शिकारीची बाजू घेतली, ती याच वेदनेची दखल घेऊन. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांत प्रत्यक्ष मोजणी करून २०१६ मध्ये दाखवून दिलं की पिकाचं नुकसान खरं आहे, मोठं आहे आणि जंगलाजवळच्या शेतांना त्याचा फटका सर्वांत जास्त बसतो. नुकसान होत नाही, शेतकरी वाढवून सांगतो, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी इथे उभा नाही.

पण गाडगीळांचा मुद्दा हक्काचा आहे. कोणत्या हत्याराने, कोणत्या अंतरावरून, कुणी मारायचं हा प्रश्न वेगळा, आणि ३१५ चा आग्रह नेमका तिथे चुकतो.

सुरुवात कायद्यापासून करू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ फारसं कुणी वाचत नाही. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात परवाना अधिकाऱ्याने कोणत्या गरजेसाठी कोणत्या हत्याराचा परवाना द्यावा हे सांगितलेलं आहे. पीक संरक्षणासाठी तिथे नाव आहे ठासणीच्या बंदुकीचं. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली एकनळी किंवा दुनळी बारा बोअर. निशाणेबाजीच्या सरावासाठी नाव आहे .२२ बोअरच्या रायफलीचं किंवा एअर रायफलीचं, आणि तेही मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सदस्याला. या दोन्ही जागी मोठ्या बोअरच्या रायफलीचा उल्लेख नाही. तिचा अर्ज ‘इतर प्रकरणं’ या सदरात जातो, जिथे सबळ कारण पटवून द्यावं लागतं आणि देणं-न देणं अधिकाऱ्याच्या समाधानावर राहतं. यावर उत्तर येतं की कायदा जुना झाला. जुना आहे खरा, पण इथे जी विभागणी केली आहे ती नळी आणि गोळी यांच्या गुणधर्मांवर आधारलेली आहे आणि ते गुणधर्म १९५९ नंतर बदललेले नाहीत. पुढचा सगळा युक्तिवाद त्याचाच आहे.

मुळात ३१५ इथे आली कशी हेही पाहण्यासारखं आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातली हत्यारं काढून घेतली. ज्यांना परवाने दिले त्यांच्याही हाती फौजेचं काडतूस पडू नये ही त्यांची पुढची काळजी होती. फौजेची रायफल .३०३ ची, म्हणून खाजगी लोकांना .३०३ बंद. मग बर्मिंगहॅमच्या बीएसएसारख्या कारखान्यांनी तीच ली-एनफिल्ड धाटणीची रायफल वेगळ्या काडतुसासाठी बनवून हिंदुस्थानात विकायला आणली. ते काडतूस होतं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं, १८९० च्या सुमाराचं आठ मिलिमीटरचं मानलिखर. इथल्या पलटणीच्या बंदुकीत ते बसत नव्हतं, एवढाच त्याचा गुण. स्वातंत्र्यानंतर इछापूरने तेच बोअर पुढे चालवलं, काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून येत राहिली, आणि दुसरं काही सहज मिळत नसल्यामुळे तीन-चार पिढ्यांना वाटू लागलं की शिकारीची रायफल म्हणजे ३१५. ज्या काडतुसाची निवड फौजी बंदुकीत बसू नये या एकाच निकषावर झाली, त्याला डुकरासाठी किंवा निशाणासाठी आदर्श मानायला काही आधार नाही.

आता नेमबाजी. हा भाग मी सविस्तर घेतो, कारण इथला गैरसमज तरुण मुलांचं थेट नुकसान करतो.

निशाणाची रायफल म्हणजे सारखेपणा. शंभर वेळा खटका दाबला तर शंभर वेळा नळीने तसंच हललं पाहिजे, तसंच तापलं पाहिजे, गोळीने तोच वेग घेतला पाहिजे. त्यासाठी नळी जाड आणि जड लागते, म्हणजे ती कमी थरथरते आणि हळू तापते. ती नळी लाकडाला कुठेही टेकता कामा नये. खटका हलका आणि हाताच्या ठेवणीप्रमाणे जुळवता येणारा हवा. मागे बारीक भोकाची दर्शनी हवी, दस्ता गालाला आणि खांद्याला बसेल असा लांब-आखूड करता आला पाहिजे. ३१५ मध्ये यातलं काय आहे? नळी बारीक, खटका पलटणी धाटणीचा आणि जड, मागची दर्शनी उघड्या खाचेची, दस्ता ठरलेल्या मापाचा, लाकडी. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांपर्यंत जातो आणि जुलैत त्याच लाकडाला आठवडाभर कोरडी हवा मिळत नाही. लाकूड आकसतं, फुगतं, नळीवर दाब देतं, आणि उन्हाळ्यात बसवलेला नेम पावसाळ्यात सरकतो. शिवाय ली-एनफिल्ड पद्धतीत बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, तर माउझर पद्धतीत तो पुढे, काडतुसाच्या बुडाजवळ अडकतो. मागच्या अडकणीमुळे बार होताना बोल्ट आणि त्याचं घर किंचित ताणलं जातं. याच रचनेमुळे ती झटपट चालते आणि चिखला-धुळीतही अडत नाही, हा तिचा खरा गुण, आणि युद्धासाठी तो मोलाचा होता. पन्नास मीटरवर कागदाला भोक पाडताना तो उपयोगी पडत नाही.

काडतुसाचंही तसंच. चांगले नेमबाज एकाच कंपनीच्या .२२ काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा घेतात, रायफल शिकंजात बांधून प्रत्येक खेप चालवून पाहतात आणि त्या विशिष्ट नळीला जी खेप मानवते तिचा साठा करतात. ३१५ ला मऊ टोकाच्या जड गोळीचं जे काडतूस बाजारात येईल तेच घ्यावं लागतं, आणि वर्षाला किती घ्यायची तो आकडा परवान्यावर लिहिलेला असतो. पन्नास मीटर थ्री पोझिशन या प्रकाराची पात्रता फेरी साठ बारांची असते: गुडघ्यावर बसून वीस, झोपून वीस, उभ्याने वीस. सरावाला याहून जास्त लागतात. ३१५ ची गोळी साधारण २४४ ग्रेनची, म्हणजे पावणेसोळा ग्रॅमची. नळीतून निघताना तिची ऊर्जा ढोबळ मानाने २,९०० जूल असते. .२२ ची असते १४० च्या आसपास. वीसपटीचा हा फरक शिकणाऱ्याच्या खांद्याला प्रत्येक बाराला कळतो. काही दिवसांतच तो बार होण्याआधी अंग चोरायला लागतो, डोळे मिटायला लागतो, आणि ही सवय एकदा लागली की .२२ हातात दिली तरी जाता जात नाही. निशाणेबाजी शिकवणारा कोणताही प्रशिक्षक नवख्याला मोठ्या बोअरपासून दूर ठेवतो तो याचसाठी.

महाराष्ट्राने जगाला दिलेले रायफल नेमबाज पाहा. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन (झोपून) प्रकारात जगज्जेती झाली, त्या प्रकारात .२२ चालते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं, तेही .२२ वरच. त्या लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. या खेळातल्या रायफलीही कारखान्यातच बनतात आणि बोल्ट-ॲक्शनच असतात. ॲन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ हे जर्मन कारखाने त्यासाठी नावाजलेले आहेत. म्हणजे ‘कारखान्याची बोल्ट-ॲक्शन घ्या’ या सल्ल्यातला बोल्ट-ॲक्शनचा भाग बरोबर आहे, बोअर चुकलं आहे. आणि महागड्या .२२ पर्यंत जाण्याचीही घाई नको. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ बोअरची, २० जूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. तिला दहा मीटर जागा पुरते. गोंडपिपरीच्या किंवा आरमोरीच्या शाळेचा वर्ग, मागे पक्की भिंत, पुढे छर्रा अडवणारी पेटी आणि जाणता शिक्षक एवढ्यावर सुरुवात होते. ३१५ चा परवाना, रायफल आणि काडतुसं यांवर एका घराचा जेवढा पैसा जातो तेवढ्यात गावातल्या कितीतरी मुलामुलींच्या हाती एअर रायफल देता येईल. आदिवासी आश्रमशाळांतून असे नेमबाज निघावेत अशी माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि ३१५ च्या मोहापायी ती वाट कुणी अडवू नये.

इथेच आणखी एका आयात कल्पनेचा निकाल लावायला हवा. परदेशी चित्रफिती पाहून काही तरुण ‘वर्मिंट रायफल’ची भाषा बोलतात: जड नळी, दुर्बीण, लहान वेगवान गोळी, आणि तीन-चारशे मीटरवरचा उपद्रवी प्राणी. ही रायफल अमेरिकेच्या मोकळ्या गवताळ प्रदेशातल्या प्रेअरी डॉगसाठी, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्यासाठी घडली. आपल्याकडे सरावासाठी मारता येईल असा प्राणी वन्यजीव कायद्यात उरलेला नाही. पूर्वी पाचव्या अनुसूचीत कावळा, उंदीर, घुशी, फळं खाणारं वटवाघूळ ही नावं होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून नवी रचना लागू झाली. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, हे दोघेही आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांना उपद्रवी ठरवायचं तर केंद्र सरकारला कलम ६२ खाली ठरावीक प्रदेशापुरती आणि मुदतीपुरती अधिसूचना काढावी लागते, जशी डिसेंबर २०१५ मध्ये बिहारसाठी काढली गेली. एरवी कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. क्लबच्या .२२ ने ससा टिपणं ही नेमबाजी होत नाही, तो गुन्हा आहे.

आता पीक. समजा परवाना मिळाला, वनखात्याची परवानगीही मिळाली. ३१५ ने शेतात काय होतं ते बघू.

डुक्कर रात्री येतं. रायफलीचा बारा बोअरपेक्षा मोठा फायदा म्हणजे लांब पल्ला, आणि रात्री तोच निरुपयोगी होतो. टॉर्चच्या उजेडात उघड्या दर्शनीने तीस-चाळीस मीटरपलीकडे जनावर नीट ओळखता येत नाही, ते डुक्कर आहे की धुऱ्यावर वाकलेला माणूस हेसुद्धा कळत नाही. तेवढ्या अंतरावर बारा बोअरचे जड छर्रे किंवा एकच भरीव गोळी डुकराला खाली पाडायला पुरी आहे. म्हणजे जड मार हवा ही पूर्वपक्षाची मागणी गुळगुळीत नळीतूनही भागते. उरतो तो पल्ला, आणि रात्रीच्या शेतात पल्ला म्हणजे निव्वळ धोका. छर्रे त्या मानाने फार लवकर जोर गमावतात. ३१५ ची चुकलेली गोळी दोन किलोमीटरच्या पुढेही जाते. सिंदेवाही-नागभीडकडे दोन किलोमीटरच्या आत दुसरं गाव असतं, आणि मधल्या प्रत्येक वावरात कुणीतरी जागल करत बसलेलं असतं.

त्यात धानाची बांधी. ऑक्टोबरात कापणीआधी तिच्यात पाणी किंवा ओल असते. जमिनीवर उभं राहून, आडव्या कोनात झाडलेली गोळी पाण्यावर आपटली तर त्यात रुतत नाही, उसळी घेऊन पुढे जाते, आणि कुठल्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही. ‘लक्ष्यामागे मातीचा बांध असल्याशिवाय खटका दाबू नये’ हा रायफल चालवण्याचा मूलभूत नियम आहे. धानपट्ट्यातला बांध गुडघ्याएवढा असतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात बायामाणसं मोहफूल वेचायला निघतात, मे महिन्यात तेंदूपानाला जातात. जंगलाच्या कडेला रिकामा असा काळ वर्षात फार थोडा असतो. यावर एकच तोडगा आहे: मचाणावर बसून खाली, जवळ, जमिनीच्या दिशेने मारणं, म्हणजे चुकलेला बार मातीत जिरतो. आणि मचाणावरून तीस मीटरवर मारायचंच असेल तर रायफल हवी कशाला, या प्रश्नाला ३१५ च्या बाजूने मी आजवर पटेल असं उत्तर ऐकलेलं नाही.

कुणी म्हणेल, दिवसा दुरून मारू. दुरूनही ही रायफल फसवते. तिची गोळी जड, बोथट आणि मंद, सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास. शंभर मीटरला नेम बसवला तर दोनशे मीटरला गोळी वीतभराहून जास्त खाली उतरते. अंतराचा अंदाज चुकला की गोळी छातीऐवजी पायाला किंवा पोटाला लागते, आणि आपण ज्या जखमी डुकराची भीती सांगून जड रायफल मागितली तेच झुडपात जाऊन बसतं. तिथून त्याचा माग काढणं म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या वाटेवर जाणं. दोनशेहून अधिक वाघ या एका जिल्ह्यात आहेत, त्यांतले कितीतरी व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, ब्रह्मपुरी वनविभागासारख्या शेत-जंगलाच्या सरमिसळीत. रानडुक्कर हे वाघ-बिबट्यांचं खाद्य. रक्ताचा माग आणि धुऱ्याजवळ पडलेलं धूड त्यांना शेताकडे ओढून आणू शकतं. मारलेलं जनावर वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता होतं, ते परस्पर उचलताही येत नाही. पंचनामा होऊन विल्हेवाट लागेपर्यंत ते तिथेच.

आणि एवढं करून कळप कमी होतो का? जून २०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयावर टीका करताना चंद्रपूरचा दाखला दिला होता: ५३ रानडुकरं मारली, आणखी ५० मारायची परवानगी दिली. त्याच आठवड्यात बिहारच्या मोकामात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या होत्या, म्हणून चर्चा तिकडेच गेली. मला मनेका गांधींच्या संतापात भाग घ्यायचा नाही. मला तो आकडा महत्त्वाचा वाटतो. ११,४४३ चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात ५३. डुकरीण एका वेताला चार ते सहा पिल्लं देते. म्हणजे ५३ ही दहा-बारा माद्यांच्या एका वेताची भरपाई झाली. हे फार थोडं झालं, जास्त बंदुका द्या, असं यावर म्हणता येईल. तर जर्मनीकडे पाहा. बोल्ट-ॲक्शनचं माहेर असलेल्या, मोठ्या संख्येने प्रशिक्षित आणि परीक्षा उत्तीर्ण शिकारी असलेल्या त्या देशात २०१९-२० च्या एका हंगामात आठ लाखांहून अधिक रानडुकरं मारली गेली. तरीही तिथली डुकरं आटोक्यात आल्याचं कुणी म्हणत नाही. मका, सौम्य हिवाळे आणि भरपूर प्रजनन यांच्यापुढे तिथल्या उत्तमोत्तम रायफली कमी पडल्या. चांगल्या रायफलीने डुक्कर मरतं, हे खरं. चांगल्या रायफलींनी डुकरांचा प्रश्न सुटतो, ही पुढची उडी आहे आणि तिला आधार नाही.

गडचिरोलीबद्दल वेगळं बोलावं लागेल. दोन-तृतीयांशाहून जास्त जंगल असलेल्या या जिल्ह्यात भरमार बंदूक ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकारीची आणि राखणीची वस्तू होती. माओवाद्यांच्या गावपातळीवरच्या दलांच्या हातीही अशाच बंदुका असायच्या. म्हणून पोलिसांनी गावोगाव आवाहन करून त्या जमा करून घेतल्या आणि अनेक गावांनी त्या स्वतःहून दिल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. चाळीस वर्षं बंदुकीच्या सावलीत काढलेल्या एटापल्ली-भामरागडच्या गावात आता पाच गोळ्यांची, दोन किलोमीटर मारणारी रायफल घरात आणून ठेवणं म्हणजे त्या घराच्या मागे चौकशी, संशय आणि चोरीची भीती लावून देणं आहे. ज्यांना तिथे राहायचं नाही त्यांनी ही मागणी करू नये असं मला वाटतं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं अनेकांना पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला झालं. धानपट्ट्यात धान भरण्याचा, पिकण्याचा आणि कापणीचा काळ हाच. म्हणजे राखणीची गरज असते तेव्हाच हत्यार ठाण्यात.

मग काय करावं? डुकरं मारूच नयेत असं मी म्हणत नाही. जिथे नुकसान सिद्ध झालं आहे तिथे मारण्याची परवानगी लवकर मिळावी, हा शेतकऱ्याचा हक्क मी मानतो. पण मारणारा ठरलेला असावा, प्रशिक्षित असावा आणि गावाला उत्तरदायी असावा. केरळने मे २०२२ पासून हा रस्ता धरला आहे. तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले गेले आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या गेल्या. त्या व्यवस्थेतही अडचणी आहेत, पण प्रत्येक घरी रायफल देण्यापेक्षा ती शहाणपणाची आहे. आपल्याकडे तर ग्रामसभेची परंपरा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. जी ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवू शकते ती मचाणं कुठे बांधायची, कोणत्या रात्री कुणाला बाहेर पडू द्यायचं नाही, बार कुणी आणि कोणत्या दिशेने करायचा हेही ठरवू शकते. त्या कामाला बारा बोअरची चांगली, कारखान्यातली, गुळगुळीत नळीची बंदूक पुरी आहे. तिच्यासोबत जड छर्रे, पक्की मचाण, दोन टॉर्च आणि बारच्या मागे माती असण्याची शिस्त हवी. मोठ्या बोअरची रायफल वनखात्याच्या अधिकृत नेमबाजाकडे राहू दे. माणसावर उठलेल्या मोठ्या जनावरासाठी कधी तिची गरज पडते, आणि तेव्हा ती चालवणारा हात रोजच्या सरावाचा असायला हवा.

त्याआधी कुंपण. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे. एकट्याच्या शेताचं कुंपण डुकराला शेजारच्या वावरात ढकलतं, म्हणून ते गावाच्या सगळ्या शिवाराला मिळून घालावं आणि देखभालीची पाळी लावावी. कुंपणाच्या नावाखाली थेट विजेची तार सोडणं मात्र कुठल्याही कारणाने नको. तिने या जिल्ह्यांत वाघ मेले आहेत आणि शेतकरीही मेले आहेत. गावठी बॉम्बचंही तेच. ३१५ चा आग्रह धरणाऱ्यांचा एक युक्तिवाद असा असतो की रायफल दिली तर लोक तारा सोडणार नाहीत. तार स्वस्त आहे, ती रात्रभर एकटी राखण करते आणि तिला परवाना लागत नाही. ज्याला ती सोडायची आहे त्याला महागडी रायफल थांबवणार नाही. शिवारभर चालणारं कुंपण आणि वेळेवर हातात पडणारी भरपाई त्याला थांबवू शकते.

परवान्याचा अर्ज भरायला बसलेल्यांना माझी विनंती आहे. नेमबाजी शिकायची असेल तर मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व घ्या, एअर रायफलीपासून सुरुवात करा आणि नंतर .२२ कडे जा. डुकरांचा त्रास असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात रायफलीचा अर्ज करण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या, नुकसानीचा पंचनामा करून घ्या आणि गावाच्या नावाने वनखात्याकडे शिवारभर सौर कुंपण आणि ठरलेल्या नेमबाजाची परवानगी मागा. ती वेळेत मिळाली नाही तर तालुक्याच्या ठिकाणी मोर्चा काढा. त्या मोर्चात मीही येईन.